न तापणारी खोली

डिसेंबर २०२२ मधील एका रात्री साडेनऊ वाजता मी वहीत तीन आकडे लिहिले : बाहेर १२ अंश, खोलीत १५ अंश, जळालेले लाकूड ७ किलो. शेगडी सात वाजल्यापासून पेटलेली होती, तिच्या अंगाला हात लावण्याची सोय नव्हती, दाराच्या फटीतून लाल जाळ दिसत होता, आणि तरीही तिच्यापासून चार हातांवर खाटेवर बसलेल्या माझ्या सासूबाई शालीवर घोंगडे पांघरून, "अगं, शेगडी तापलीया, खोली कवा तापायची?" असे विचारत होत्या. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे जमाखर्च न जुळणे मला सहन होत नाही. सात किलो लाकूड खर्ची पडले आणि ऊब मिळाली तीन अंशांची. मधली रक्कम कुठे गेली, हे शोधण्यात माझे पुढचे वर्ष गेले.

कोल्हापूर शहरात राहणाऱ्यांना घर तापवण्याचा हा खटाटोप विचित्र वाटेल, आणि राजारामपुरीत होते तोवर मलाही तो तसाच वाटला असता. निवृत्तीनंतर आम्ही सासूबाईंजवळ राहायला आलो ते घर गगनबावड्याच्या बाजूला आहे, शहरापासून पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला, जिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घराच्या भिंती जांभ्याच्या, म्हणजे पाणी पिऊन बसणाऱ्या. वर कौले, आणि कौलांखाली काहीही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अंथरूण ओलसर लागते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटे वाकत नाहीत, आणि पाऊसवाऱ्यात वीज गेली की विजेच्या हीटरचा उपयोग कपडे टांगण्यापुरता उरतो. सासूबाईंचे गुडघे या दोन्ही ऋतूंत सारखेच धरतात. पूर्वी त्या कोळशाची उघडी शेगडी खोलीत घेऊन बसत असत. दारे लावून तसे बसणे किती धोक्याचे आहे, हे कळल्यावर धूर बाहेर नेणारी बंद लोखंडी शेगडी करून घ्यायचे आम्ही ठरवले.

ती शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. जिथे ऑइल इंजिने आणि ओतकामाचे भाग तयार होतात, तिथे एक लोखंडी पेटी जोडून मिळणे अवघड नव्हते : चार मिलिमीटर जाडीचा पत्रा, दोन फूट लांब, सोळा इंच रुंद, दीड फूट उंच, पुढे दार, तळाला कोळशाच्या शेगडीसारखी जाळी आणि मागून चार इंचांचा जस्ती पाइप, जो खिडकीच्या वरून आडवा बाहेर काढून तिथेच दोन-तीन फूट उभा केला होता. दिसायला ती भक्कम होती. तिच्यात उणे काय होते हे त्या कारागिराला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते, त्यामुळे त्याला दोष देण्याचे कारण नाही. फक्त पुढे येणारी वाशाची गोष्ट मी त्याला अजून पुरती माफ केलेली नाही.

ऊब कमी पडते म्हटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो शेगडी लहान पडल्याचा. दुसरी, मोठी शेगडी सांगण्याच्या बेतात मी होते, तेवढ्यात वाडीतील तात्या घरी आले. उमेदीची पंचवीस वर्षे त्यांनी खालच्या भागातील गुऱ्हाळांवर चुलवाणात, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुलीत, जाळ घालण्याचे काम केले आहे. ते शेगडीसमोर बसले, दार उघडून आत पाहिले, मग बाहेर जाऊन पाइपच्या तोंडातून निघणारा धूर पाहून आले आणि म्हणाले, "बाई, जाळ झ्याक हाय, पर आभाळ तापवायला लागलायसा." मग एक लाकूड हातात घेऊन त्यांनी दुसऱ्या लाकडावर आपटले. बद्द आवाज आला. "वलं हाय. चुलवाणात वलं चिपाड घातलं तर काहील उकळंल व्हय?" (चिपाड म्हणजे रस काढून उरलेला ऊस, काहील म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई.)

हे लाकूड मी एका वखारीतून वाळलेले म्हणून, वाळलेल्या लाकडाच्या भावाने आणले होते. वरची साल खडखडीत होती, म्हणून मीही समाधान मानले होते. तात्या गेल्यावर मी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एक फोडलेला तुकडा तोलला. तो ८०० ग्रॅम भरला. शेगडीच्या वरच्या पत्र्यावर विटेचा आधार देऊन तो आठ-नऊ दिवस वाळवला आणि वजन उतरणे थांबल्यावर पुन्हा तोलला, तेव्हा ५२० ग्रॅम झाला. म्हणजे प्रत्येक आठशे ग्रॅमला मी २८० ग्रॅम पाणी लाकडाच्या भावाने घेतले होते, शेकडा पस्तीस. जळणात हे प्रमाण विसाच्या आत असावे लागते.

विजेच्या बिलावरील युनिट सर्वांच्या परिचयाचे असते, म्हणून मी हा हिशेब त्यात मांडला. चांगले वाळलेले एक किलो लाकूड पुरते जळले तर साधारण चार युनिट उष्णता देते. ताज्या तोडलेल्या, निम्मे पाणी असलेल्या लाकडातून जेमतेम दोन निघतात. एक लिटर पाण्याची वाफ करण्यातच पाऊण युनिटाजवळ खर्च होतो, आणि ती वाफ धुराबरोबर बाहेर जात असल्याने त्यातले काही परत मिळत नाही. पण खरे नुकसान याहून मोठे असते, हे मला नंतर समजले. लाकूड कोळशासारखे जागच्या जागी जळत नाही. तापले की त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग वायुरूपाने सुटतो आणि डोळ्यांना दिसणारी ज्वाला ही त्या वायूची असते. त्याला पेट घेण्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता आणि पुरेशी हवा लागते. आतल्या पाण्याने जाळ थंड पडला की हा वायू न जळताच धूर होऊन निघून जातो. पाइपमधून येणारा दाट पांढुरका धूर पाहून शेगडी जोमात चालली आहे असे मला वाटत असे, तेव्हा ती माझे पैसे आकाशात सोडत होती.

खात्री करून घेण्यासाठी जानेवारीत मी पडलेल्या गोठ्याचे जुने वासे फोडून जाळले. वर्षानुवर्षे छपराखाली राहिलेले, रंग किंवा तेलपाणी न लावलेले लाकूड होते ते. (रंगवलेले लाकूड, प्लायवूड आणि फर्निचरचे तुकडे मी जाळत नाही, त्यांतल्या रंगाचा आणि डिंकाचा धूर घातक असतो.) त्या रात्री बाहेर १३ अंश असताना खोली १७ वर गेली आणि लाकूड लागले पाच किलो. तीनाचे चार अंश झाले, सातचे पाच किलो झाले. प्रगती होती, पण सासूबाईंच्या घोंगडीत फरक पडला नव्हता.

त्यानंतर वाशाची गोष्ट घडली. कोरड्या लाकडाने जाळ तेजीत आला, तसा पाइपही पूर्वीपेक्षा तापू लागला, आणि एका संध्याकाळी खिडकीपाशी करपल्याचा वास आला. स्टुलावर चढून पाहिले तर आडव्या पाइपपासून जेमतेम दोन इंचांवर असलेला वासा खालच्या अंगाने काळा पडला होता. त्याला पेट घेतला नव्हता एवढेच. लाकूड रोज थोडे थोडे भाजत राहिले की पुढे कमी उष्णतेलाही पेटू शकते. कौलारू घराला आग लागली तर काय उरते हे गावात सर्वांनी पाहिलेले असते. त्या रात्री शेगडी विझवली ती दुसरा पाइप येईपर्यंत पेटवली नाही.

नवा पाइप सहा इंचांचा घेतला, साध्या काळ्या लोखंडाचा. जस्ताचा मुलामा अशा उष्णतेत टिकत नाही आणि फार तापल्यास त्याचा धूर बाधतो. चारचे सहा इंच म्हणजे दीडपट वाटते, पण धुराला मिळणारी वाट सव्वादोन पट होते. पाइप खिडकीतून न नेता शेगडीवरून सरळ उभा, खोलीतूनच छपराबाहेर काढला, कारण प्रत्येक वळण धुराची ओढ कमी करते. कौले जिथे कापली तिथे पाइपभोवती मोठ्या व्यासाची दुसरी पत्र्याची नळी घालून मध्ये हवेची पोकळी ठेवली, जवळचा वासा आणि रिपा कापून हातभर दूर आडव्या बांधून घेतल्या आणि पावसासाठी वर टोपी बसवली. धुराड्याचे तोंड छपरापासून निदान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत येणाऱ्या कशाहीपेक्षा निदान दोन फूट उंच असावे, हा नियम पाळला. जुना पाइप आढ्याच्या खाली संपत होता, त्यामुळे घाटातून वारा चढून आला की छपरावरून उसळून तो धूर परत खोलीत लोटत असे. सासूबाईंचा खोकला आम्ही इतके दिवस थंडीच्या नावावर मांडत होतो.

पाइप उभा खोलीतून नेण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मला न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाने शिकवले. बंबात नळकांडे पाण्याच्या मधोमध असते. धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. आमचा पहिला पाइप मात्र शेगडीतून निघाल्याबरोबर भिंतीबाहेर पळत होता. आता सात-आठ फूट काळा पाइप खोलीतच उभा असल्याने तोही तापून ऊब देतो. परंतु याचा लोभ फार करता येत नाही. धूर फारच थंड झाला तर ओढ मंदावते आणि न जळलेल्या धुराचा डांबरासारखा चिकट थर पाइपच्या आत बसतो, जो पुढे एकदम पेट घेऊ शकतो. पाइपवर चिकटवण्याचा चुंबकी तापमापक मी मागवला आणि काटा १२० च्या खाली व २४० च्या वर जाऊ न देण्याची सवय लावून घेतली.

मग पेटीच्या आतले काम. यासाठी शेगडी टेम्पोत घालून पुन्हा उद्यमनगरात नेली, पण दुसऱ्या कारागिराकडे. तळाची जाळी बंद केली, कारण खालून येणारी हवा कोळशाला मानवते. लाकूड तिने भडाभडा जळून संपते. लाकडाला राखेचा बोटभर थर अंथरूण म्हणून लागतो आणि हवा पुढून, वरून लागते. दोन्ही बाजूंना आणि मागे, ओतशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून आणलेल्या भट्टीच्या विटा लावल्या. पत्र्याला थेट लागणारा जाळ लवकर थंड होतो; विटा आधी स्वतः तापतात आणि जाळ गरम ठेवतात. सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र एका पत्र्याचा होता. पाइपच्या तोंडाखाली, मागच्या भिंतीपासून पुढे किंचित चढत येणारा सहा मिलिमीटरचा आडवा पत्रा बसवला. पूर्वी ज्वाला मागून सरळ पाइपमध्ये शिरत होती. आता तिला आधी पुढे यावे लागते, पत्र्याच्या टोकाला वळसा घालावा लागतो आणि वरच्या झाकणाखालून मागे जाऊनच बाहेरची वाट मिळते. पुढची फट किती ठेवायची यावर कारागिराशी बराच खल झाला, सहा इंची पाइपचे क्षेत्रफळ २८ चौरस इंच आणि विटांमुळे आतली रुंदी चौदा इंच उरलेली, म्हणून दोन इंचांपेक्षा कमी फट ठेवली तर धूर कोंडेल, हे त्याला कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्ही बँकेत कशाला गेला?"

दाराच्या वरच्या भागात हवेची छोटी भोके पाडली आणि दाराला ग्लास फायबरची दोरी लावली. दुकानदार अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी स्वस्तात देत होता; तिचे तंतू फुफ्फुसांना कायमचे अपाय करतात, म्हणून ती घेतली नाही. या भोकांतून येणारी हवा ज्वालेच्या वर पसरते आणि निसटणाऱ्या धुराला दुसऱ्यांदा पेटवते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही तिघेही शेगडीचे दार किलकिले करून बघत राहिलो : लाकडांना न चिकटता, त्यांच्या वर चार बोटे हवेत, पिवळसर ज्वाला लोळत होत्या. यजमान बाहेर जाऊन धुराडे पाहून आले. धूर दिसत नव्हता, नुसती हवा थरथरताना दिसत होती.

एवढे होईपर्यंत फेब्रुवारी उलटला होता आणि थंडीही सरली होती. मात्र उन्हाळ्यात मी जे काम केले त्याने बाकी सगळ्या कामांपेक्षा जास्त फरक पडला, आणि त्याचा शेगडीशी संबंधही नव्हता. गरम हवा वर चढते. आमच्या खोलीत ती चढून पंधरा फुटांवरच्या आढ्यापाशी जात होती आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडत होती. शिडीवर चढून वर तापमापक धरला होता तेव्हाच हे लक्षात यायला हवे होते : खाली १७, वर २६. आम्ही खोलीऐवजी पाखरांचा मुक्काम तापवत होतो. मे महिन्यात साडेआठ फुटांवर लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे आतले छत, करून घेतली, पाइपभोवती चारही बाजूंनी दीड फुटापर्यंत लाकडाऐवजी पत्रा वापरला आणि तक्तपोशीवर भाताच्या पेंढ्याचा थर घालण्याची सूचना पेंढा लवकर पेटतो म्हणून नाकारली. दार-खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फटी बुजवताना सगळ्याच बुजवू नयेत. जळणाऱ्या शेगडीला हवा लागते. ती मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही, रंग नाही आणि ज्याने झोपलेला माणूस उठत नाही. शेगडीच्या पाठीमागे भिंतीत तीन इंचांचे भोक पाडून बाहेरची हवा थेट शेगडीजवळ आणली आहे, ते कधीही बंद करत नाही. खाटेजवळ या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र आहे. निखारे लाल असताना पाइपमधली झडप पुरती लावत नाही आणि झोपण्यापूर्वी नवे लाकूड घालत नाही.

पावसाळ्यात वेगळाच हिशेब उलगडला. जुलैत बाहेर २० अंश असतात, म्हणजे थंडी अशी नसते. त्रास ओलाव्याचा असतो. दुपारी दोन तास छोटा जाळ केला की खोली २६ वर जाते आणि आर्द्रता ९४ वरून ६६ टक्क्यांवर येते. हवेतले पाणी तितकेच असते, पण तापलेली हवा जास्त पाणी धरू शकते, म्हणून ती अंथरुणातून, कपड्यांतून, भिंतीतून ते ओढून घेऊ लागते. त्या पावसाळ्यात सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीतल्या लुगड्यांना प्रथमच बुरशी आली नाही.

जळणाची शिस्त मात्र मला कठीण गेली. ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडे तोडायला परवानगी लागते, त्यामुळे आमची भिस्त काजूच्या छाटणीवर, वादळाने मोडलेल्या फांद्यांवर आणि बांधावरच्या सुबाभळीवर आहे. लाकूड दिवाळीनंतर लगेच फोडून घ्यायचे, मनगटाएवढे, फार तर पंजात मावेल एवढे. दगडांवर जमिनीपासून वीतभर उंच रचायचे, वर पत्रा, बाजू मोकळ्या. आणि मेअखेरीस पडवीत आणायचे. ओंडका तसाच ठेवला तर तो दोन वर्षांतही वाळत नाही, कारण पाणी सालीतून नव्हे तर कापलेल्या तोंडांतून बाहेर पडते. पहिल्या वर्षी मी ओंडकेच साठवले होते. पेटवण्यासाठी तात्या गुऱ्हाळावरून वाळके चिपाड आणून देतात. मी मोठी लाकडे खाली, बारीक काटक्या आणि चिपाड वर ठेवून वरून पेटवते. त्याने सुरुवातीचा धूर ज्वालेतून जातो आणि जळून जातो. गावात याला अजून हसतात.

डिसेंबर २०२३ मधील नोंद अशी आहे : बाहेर १२, खोलीत २१, लाकूड ५ किलो. पण ही नोंद रात्री नऊची असली तरी शेगडी चारला पेटवलेली होती. जांभ्याची जाड भिंत आधी स्वतः पोटभर ऊब घेते. रात्री आठला पेटवून नऊला ऊब मागितली तर मिळत नाही. आता चार ते सात खणखणीत जाळ करायचा आणि मग तो उतरू द्यायचा, असे चालते. शेगडीमागची भिंत मध्यरात्रीनंतरही हाताला कोमट लागते.

शेजारच्या माजघरात ऊब जात नाही ही तक्रार अजून आहे. टेबल फॅन माजघराच्या जमिनीवर ठेवून थंड हवा शेगडीच्या खोलीकडे लोटली की वरच्या अंगाने गरम हवा आपोआप माजघरात येते, असा प्रयोग केला. दीड-दोन अंशांचा फरक पडला, पण वीज गेली की तोही संपतो. दुसरी अडचण श्रावणातली. वारा नसतो, धुके दाट असते, पाइप थंडगार पडलेला असतो आणि धूर वर जायला तयार नसतो. अशा दिवशी लाकडांना हात लावण्यापूर्वी वर्तमानपत्राचे एक पान चुरगळून, त्या आडव्या पत्र्यावर पाइपच्या तोंडाखाली ठेवून पेटवते. पाइपमधून घूं असा आवाज येईपर्यंत थांबते, आणि मग लाकडांवरच्या चिपाडाला काडी लावते.